मिलोच्या खिळ्यावरच्या चौदा चिठ्ठ्या

माझं नाव एल्डन प्रूइट आहे हे आमच्या ड्राय फोर्क गावात दोघांनाच आठवतं, पोस्टातल्या बाईला आणि माझ्या बायकोला. बाकी सगळे मला प्रोफेसर म्हणतात. हा मान आहे अशी माझी समजूत सुरुवातीची दोन वर्षं होती. मी शाळेपुढे शिकलेलो नाही. गेली एकतीस वर्षं मी धान्याच्या कोठारावर ट्रकांचं वजन करतो. भरलेला ट्रक काट्यावर येतो, मी आकडा वाचून लिहितो. गहू रिकामा करून तो परत येतो, मी पुन्हा वाचतो, पुन्हा लिहितो. यात प्रोफेसरकी काही नाही. ती पदवी मला एका रायफलीमुळे मिळाली, आणि ती रायफल माझ्याजवळ नव्हती.

आमच्याकडे हरणाची रायफल घरोघरी असते. वडिलांची माझ्याही कपाटात आहे आणि दर नोव्हेंबरला ती आपलं काम करते. पण मला हवी होती ती लांब पल्ल्याची. रोंडा क्विगलीच्या रानात, तिच्या गोठ्यापासून सव्वा मैलावर, टेकडीच्या पोटाशी एक पोलादी प्लेट टांगलेली आहे. तीन फूट लांब, तीन फूट रुंद. वासरं विकायला गेली की पुढच्या शनिवारी सगळे तिथे जमतात आणि त्या प्लेटवर नेम धरतात. नुसत्या डोळ्यांनी ती दिसतही नाही. गोळी पोचायला चार सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात वारा तिला वाटेल तिकडे नेतो. मी दरवर्षी जायचो. दुर्बिणीतून बघायचो, कोणाचं काय चुकलं ते सांगायचो, आणि रोंडाच्या हातची ऱ्हुबार्बच्या देठांची आंबटगोड पाई खाऊन घरी यायचो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

तसली रायफल दुकानातून उचलून आणण्यात मजा नाही. ती मिलो सँडविककडून बांधून घ्यायची असते. मिलो म्हणजे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका जुन्या लेथवर पन्नास वर्षं रायफली बांधणारा माणूस. त्याआधी तो रेल्वेत इंजिनं दुरुस्त करायचा. उंच, वाकलेला, शर्टाच्या खिशात कायम खारी बिस्किटं. लेथ चालू असताना कोणी बोललेलं त्याला चालत नसे, त्यामुळे त्याच्याकडे मला फार वेळ बसवत नसे. त्याने एकशे अडतीस रायफली बांधल्या होत्या, आणि त्यातल्या एकीबद्दलही कोणी तक्रार घेऊन आलं नव्हतं.

त्याची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाने यायचं, किराणा पिशवीच्या तपकिरी कागदाचा तुकडा फाडायचा, आणि त्यावर एकच ओळ लिहायची: कशावर मारणार, किती लांबून, कुठल्या काडतुसाने. ती चिठ्ठी मिलो लेथच्या वरच्या खिळ्याला टोचायचा आणि मग कामाला लागायचा. चिठ्ठी नाही तर रायफल नाही. सल्ला तो देत नसे. कोणी फारच मागे लागलं तर म्हणायचा, "काडतूस म्हणजे घोडा. ॲक्शन म्हणजे खोगीर. घोडा बघून खोगीर घ्यावं. तुझा घोडा कुठला ते मी कसं सांगू?"

ॲक्शन म्हणजे रायफलीचा मधला पोलादी भाग, ज्यात बोल्ट मागेपुढे होतो. बोल्टच्या तोंडाला एक गोल खळगा असतो, त्यात काडतुसाचं बूड बसतं. बूड मोठं तर खळगा मोठा हवा. हे लहान पोराला कळतं. मला तर त्याचे इंचाचे हजारावे भागही तोंडपाठ होते. पुढे जे झालं त्यासाठी हे लक्षात ठेवा.

पहिली चिठ्ठी मी चार वर्षांपूर्वी लिहिली. "प्लेट, सव्वा मैल, ३३८ लापुआ." मिलोने ती वाचली, खिळ्याला टोचली आणि म्हणाला, "बरं. सहा महिन्यांनी ये."

घरी येईपर्यंत माझ्या मनात पाल चुकचुकली. ३३८ ची गोळी जड, वाऱ्याला कमी ऐकते, हे खरं. पण धक्का केवढा. माझा उजवा खांदा कोठारातल्या शिडीवरून पडल्यापासून कुरकुरतो. आणि ३०० पीआरसी तेवढ्याच लांब जाते, धक्का निम्मा, काडतुसं स्वस्त. चौथ्या दिवशी मी मिलोकडे गेलो.

"चिठ्ठी बदलायची होती," मी म्हणालो.

"लिही," तो म्हणाला. त्याने पहिली काढली नाही. दुसरी तिच्यावरच टोचली.

त्याच आठवड्यात रोंडा तिथे आली होती. पन्नाशीची बाई, चारशे गाई एकटीने सांभाळते, पायात कायम चिखलाचे बूट. तिने उभ्याउभ्या कागद फाडला आणि लिहिलं, "प्लेट आणि कोल्हे. ३३८. बाकी तुम्ही बघा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "प्रोफेसर, तुझी कुठली?"

"अजून अभ्यास चालू आहे."

"चालू दे. माझ्या गाडीचं इंजिन चालू आहे, मी निघते." तिला एकूण चाळीस सेकंद लागली असतील. सहा महिन्यांनी तिला रायफल मिळाली आणि त्या शरदात तिने तिसऱ्या गोळीला प्लेट वाजवली. मी दुर्बिणीतून बघत होतो. तिने बोल्ट ओढायला उशीर केला, असं मी शेजारच्याला सांगितल्याचंही मला आठवतं.

त्यानंतरची तीन वर्षं मी अभ्यास केला. ३०० नॉर्मा वाचली, मग ३३८ कडे परत आलो, मग एका हिवाळ्यात मला ३७५ चेयटॅकचं वेड लागलं. ती म्हणजे जवळजवळ तोफच. तिची ॲक्शन एवढी मोठी की माझ्या हरणाच्या रायफलीची तीत मागून पुढून ये-जा होईल. वर्नाने, म्हणजे माझ्या बायकोने, जेवणाच्या टेबलावरचे तक्ते बाजूला सारत विचारलं, "ही उचलून रोंडाच्या रानापर्यंत कोण नेणार?"

"गाडी आहे की."

"आणि गाडीतून खाली?"

मी चिठ्ठी बदलली. वर्ना म्हणाली, "माझ्याशी लग्न करताना तू एवढा विचार केला नव्हतास."

"तेव्हा पर्याय कमी होते," मी म्हणालो. या वाक्याचं फळ मला पुढे आठवडाभर थंड सँडविचच्या रूपाने मिळत राहिलं.

गंमत अशी की याच काळात माझी कीर्ती वाढली. हॉटेलात कॉफी पिताना कोणीही रायफलीचा विषय काढला की मी सुरू. कुठलं काडतूस, कुठली ॲक्शन, बॅरलच्या आत पीळ किती हवा, दुर्बिणीखालची पट्टी किती कलती हवी, सगळं. माझं ऐकून चार जणांनी मिलोकडून रायफली बांधून घेतल्या. चारही जणांनी प्लेट वाजवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मिलोच्या खिळ्यावर माझ्या चिठ्ठ्या तेवढ्या साचत होत्या. मी गेलो की तो कागदाची पिशवी पुढे करायचा.

मग मी जे केलं ते आमच्यासारखी माणसंच करू शकतात. गेल्या डिसेंबरात माझी चिठ्ठी ३०० पीआरसीची होती. मला वाटलं, निदान ॲक्शन तरी मागवून टाकू, म्हणजे मन मागे फिरणार नाही. चांगल्या ॲक्शनला सहा महिने थांबावं लागतं. मागवली. आणि थांबायला सहा महिने मिळाले तर माणूस काय करणार? वाचणार. मार्चपर्यंत मी पुन्हा ३३८ लापुआवर आलो होतो. तिची पितळी कवचं घेतली, शंभर गोळ्या घेतल्या, काडतुसं भरायचे साचे घेतले, आणि हॉटेलात उभं राहून जाहीर केलं की निर्णय झाला आहे, आता बदल नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी कॉफीचे पैसेही दिले. येणाऱ्या ॲक्शनच्या बोल्टचा खळगा कुठल्या मापाचा आहे हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंच नाही. तोंडपाठ असलेली गोष्ट आठवावी लागते, हे मला तेव्हा समजलं नव्हतं.

एप्रिलमध्ये मिलोने मला निरोप पाठवला. तो कोणाला निरोप पाठवत नाही, म्हणून मी कामावरून थेट गेलो. लेथ बंद होता. तो स्टुलावर बसून बिस्किट खात होता.

"बिलिंग्जला डॉक्टरकडे गेलो होतो," तो म्हणाला. "डोळ्यांचं मधलं चाललंय. डावा गेला. उजव्याचं वर्षभरात जाईल म्हणतात. कडेचं दिसत राहील. म्हणजे दारातून कोण आलं ते दिसेल, तोंड कोणाचं ते दिसणार नाही."

तुम्हाला वाईट वाटत असेल असं काहीतरी मी पुटपुटलो.

"माझं सोड. अजून तीन होतील. दोघांच्या चिठ्ठ्या आहेत. तिसरी तुझी. गव्हाची कापणी होईपर्यंत सांग. नंतर मला जमायचं नाही, आणि दुसऱ्या कोणाकडे तू जाणार नाहीस हे मला माहीत आहे. गेलास तरी तो तुला हाकलून देईल."

त्या दिवशी गाडीत बसल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली. रायफल मिळणार नाही याची नव्हे. चार वर्षं हा माणूस समोर होता, डोळे शाबूत होते, आणि मी त्याला कागदाचे तुकडे देत होतो.

ॲक्शन जूनच्या शेवटी आली. मी ती ३३८ च्या कवचांच्या डब्यासकट मिलोच्या बाकावर ठेवली. त्याने बोल्ट बाहेर ओढला, बोटाने तोंडाचा खळगा चाचपला. डब्यातून एक कवच घेतलं आणि त्याचं बूड खळग्यावर ठेवलं. ते आत गेलं नाही. लहान डब्यावर मोठं झाकण ठेवावं तसं वर बसून राहिलं.

कवच त्याने माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "तू कर."

मी केलं. माझ्याकडूनही गेलं नाही.

"खोगीर आधी घेतलंस," तो म्हणाला.

"घेतलं तेव्हा घोडा वेगळा होता."

"लेका, तुझा घोडा दर महिन्याला वेगळा असतो."

मी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. मोठ्या खळग्याचा बोल्ट मिळेल की, नऊ महिने लागतील. मी मिलोकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, पण मान जराशी तिरकी करून, डोळ्याच्या कडेने. नऊ महिन्यांनी तो कडेनेच बघणार होता. मी फोन ठेवला.

"३०० पीआरसी," मी म्हणालो.

"लिही."

मी लिहिलं. चौदावी. खिळा भरला होता, त्याला ती बोटाने दाबून बसवावी लागली. मग तो कोपऱ्यात गेला आणि तेलकट कागदात गुंडाळलेली एक बॅरल घेऊन आला. आत कोरा, अजून काडतुसाचं घर न कापलेला पोलादी दांडा. आतल्या नळीचं माप तीसचं, म्हणजे ३०० च्या गोळीचं.

"ही कधी मागवलीत?"

"दोन वर्षं झाली. तुझ्या चिठ्ठ्या मी वाचतो ना. निम्म्याहून जास्त वेळा तू तीसवरच परत आलास. तुझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं." असं म्हणून तो हसला. चार वर्षांच्या अभ्यासाअंती माझं काडतूस शेवटी माझ्या चुकीने ठरवलं, आणि ते मिलोला माझ्याआधी दोन वर्षं ठाऊक होतं.

जुलै-ऑगस्टमध्ये मिलोने आधीच्या दोन रायफली पुऱ्या केल्या. दुसरीला त्याला दुप्पट वेळ लागला. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मी सुट्टी काढून गेलो, तेव्हा माझी बॅरल लेथवर चढवलेली होती आणि मिलो तिच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसला होता.

बॅरल लेथमध्ये अगदी मध्यावर फिरायला हवी. मध्यावर आहे की नाही हे एक तबकडी सांगते. तिच्यावर काटा असतो, आणि त्याचं एक घर म्हणजे इंचाच्या दहा हजार भागांपैकी एक. बॅरल हाताने फिरवायची, काटा किती हलतो ते बघायचं, स्क्रू आवळायचे, पुन्हा फिरवायची. काटा एका घरापेक्षा जास्त हलत असेल तर पुढे जायचं नाही.

"मला काटा दिसत नाही," मिलो म्हणाला. "सकाळपासून बघतोय. जिथे बघतो तिथेच तो नसतो."

"बोलणारी तबकडी मिळते म्हणे. रोंडा सांगत होती."

"माझ्याकडे बोलणारा एक आहेच. स्टूल ओढ."

मी बसलो. त्याने बॅरल फिरवायला सुरुवात केली. हात पूर्वीसारखेच, सावकाश आणि ठाम. मी वाचू लागलो. "सहा घरं. आता वर. तीन. खाली, पाच." तो स्क्रू जरासा वळवायचा, मी पुन्हा वाचायचो. मला एक शब्दही जास्त बोलावा लागत नव्हता, आणि विचित्र गोष्ट म्हणजे मला बोलावंसंही वाटत नव्हतं. एकतीस वर्षं मी हेच करतो. काटा हलतो, मी थांबतो, तो स्थिर झाला की वाचतो. आयुष्यात मला येत असलेली ही एकच गोष्ट होती, आणि हॉटेलात मी तिच्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

दुपार झाली. आम्ही दोन घरांवर आलो, मग दीडवर. मिलोची पाठ भरून आली होती. तो मध्येच ताठ होऊन कमरेवर हात दाबायचा. मी विचार केला, हा माणूस एकोणऐंशी वर्षांचा आहे. दीड घर म्हणजे काय, केसाचाही केस. कोण बघणार आहे?

त्याने फिरवली. काटा दीड घर हलला.

"एक," मी म्हणालो.

मिलो थांबला. "एक?"

"एक."

त्याने मान हलवली आणि कापायचं हत्यार उचललं. ते दांड्याला लावलं. लेथचं बटण दाबायला हात पुढे नेला. कोठारावर मला कितीदा किती जणांनी म्हटलं असेल, एल्डन, शंभर पौंड इकडेतिकडे लिही, कोण बघतंय. मी एकदाही लिहिलं नाही. आणि माझ्या स्वतःच्या रायफलीसाठी, ज्या माणसाला काटा दिसत नाही त्याला, मी खोटा आकडा सांगितला होता.

"थांबा," मी म्हणालो. "दीड होता."

मिलोने हत्यार खाली ठेवलं. त्याला आश्चर्य वाटल्याचं काही दिसेना. त्याने पुन्हा स्क्रूला चावी लावली.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "हाताला लागतं ते. पन्नास वर्षं झाली."

"मग बोलला का नाहीत?"

"बघत होतो, स्टुलावर कोण बसलंय. काट्यावरचा माणूस की प्रोफेसर."

"आणि मी बोललोच नसतो तर?"

"तर लेथ बंद करून घरी गेलो असतो. वाच."

मी वाचलं. एका घरावर यायला अजून तासभर लागला. मग पाऊण. मग अर्धा. मी तीनदा "अर्धा" म्हणालो, तेव्हा त्याने बटण दाबलं. कापताना मी काडतुसाबद्दल, ॲक्शनबद्दल, जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल एक अक्षर बोललो नाही. संध्याकाळी त्याने बॅरल ॲक्शनला जोडली, मापाचा ठोकळा आत घालून बोल्ट मिटला. तो एका बोटाने मिटला. दुसरा, केसभर मोठा ठोकळा घातला, तेव्हा बोल्ट अर्ध्यावर अडला. दोन्ही जसं व्हायला हवं तसंच झालं. मिलोने खिशातून दोन खारी बिस्किटं काढली आणि एक मला दिलं.

"तुम्ही लग्न का नाही केलंत हो?" मी विचारलं. कसं कोण जाणे, तोंडातून गेलं.

"माइल्स सिटीला एक होती. हो की नाही हे सांगायला मी अकरा महिने लावले. तोपर्यंत तिने जनावरांच्या डॉक्टरशी लग्न केलं." त्याने बिस्किट चावलं. "त्यानंतर चिठ्ठीची पद्धत सुरू केली."

वासरं ऑक्टोबरच्या मध्यावर विकायला गेली. पुढच्या शनिवारी आम्ही रोंडाच्या रानात जमलो. शंभर यार्डांवर गोळ्या झाडून मी दुर्बिणीची जुळवणी आधीच करून ठेवली होती, पण त्या गोळ्या कोणी मोजत नाही. आमच्याकडे नव्या रायफलीची प्लेटवरची पहिली गोळी बांधणाऱ्याची असते. तिच्यावर बांधणाऱ्याचं नाव ठरतं. ती लागली तर पुढे वर्षभर हॉटेलात तिचीच गोष्ट चालते. मिलोने एकशे चाळीस वेळा ती मारली होती. ही एकशे एक्केचाळिसावी, आणि शेवटची.

"जमेल ना?" रोंडाने मला बाजूला घेऊन विचारलं. ती प्लेटच्या बाजूच्या खंदकात बसणार होती, रेडिओ घेऊन, लागली की नाही ते सांगायला.

"त्यांना विचार."

"त्यांना विचारलं तर ते हो म्हणणार. म्हणून तुला विचारते." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ, जवळपास गेली ना, तरी मी लागली म्हणते. माणसाचे डोळे चाललेत. कोणाचं काय जातंय?"

मी चटई पसरायला लागलो. ती गाडीत बसून प्लेटकडे गेली.

मिलो चटईवर पालथा पडला. दुर्बिणीला डोळा लावला, मान जराशी फिरवली, पुन्हा फिरवली. "सरळ बघितलं की प्लेट जाते," तो म्हणाला. "कडेने बघितलं की येते. हां. आली. वारा सांग."

वारा सांगण्याचं काम माझं होतं. मी गवत बघितलं, टेकडीच्या कडेची धूळ बघितली, दुर्बिणीतून मधल्या ओढ्यावरची उष्ण हवा कशी वाहते ते बघितलं. चार वर्षं मी इतरांचे वारे चुकीचे ठरवले होते. "डावीकडून ताशी आठ मैल," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो, कारण मागे वीसेक माणसं उभी होती.

मिलोने तेवढं धरलं. रायफल कडाडली. मी दुर्बिणीत श्वास धरून मोजू लागलो. एक, दोन, तीन, चार.

टेकडीवर मातीचा फवारा उडाला. मला तो स्वच्छ दिसला.

रेडिओ खरखरला, पण त्यातून लगेच काही आलं नाही. रोंडा थांबली होती. माझ्यामागे उभी असलेली सगळी माणसंही थांबली होती, आणि त्यातल्या प्रत्येकाला काय ऐकायचं होतं ते मला मागे न वळताही कळत होतं. मलाही तेच ऐकायचं होतं.

मिलोने डोकं उचललं. तो रेडिओकडे नाही, माझ्याकडे वळला. मान तिरकी करून, कडेने.

"कुठे?"

"नाही लागली," मी म्हणालो. "उजवीकडे गेली. प्लेटच्या कडेपासून दोन हात."

मागे कोणीतरी जोरात श्वास सोडला. रेडिओतून रोंडा हळूच म्हणाली, "हो. उजवीकडे."

"आणि वर-खाली?" मिलोने विचारलं.

मी पुन्हा दुर्बिणीत बघितलं. मातीवरचा डाग अजून दिसत होता. त्याची उंची मी प्लेटशी लावून बघितली, घाई केली नाही, एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली.

"वर-खाली काही नाही. बरोबर मध्यावर आहे."

मिलो चटईवर तसाच पडून राहिला. त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. सव्वा मैलावर, उंचीला एक बोटही इकडेतिकडे नाही.

"मग रायफल बरोबर आहे," तो म्हणाला. "डावीकडून आठ कोणी सांगितलं होतं?"

"मी."

"अकरा होता." त्याने हात वर केला. मी तो धरून त्याला उठवलं. त्याने गुडघ्यावरची माती झाडली आणि चटईकडे बोट केलं. "चल. आता तुझी पाळी. वारा मी सांगतो, तू फक्त दुर्बिणीतल्या रेघा वाच."